जुन्या कॉम्प्युटरवरचं विंडोज लाइव्ह मेल चालेनासं झालं तर: आधी पत्रं वाचवा, मग दुरुस्ती

मिरजेला आमच्या घरी अण्णांच्या टेबलावर २०११ साली घेतलेला कॉम्प्युटर आहे. त्यात विंडोज ७ आणि मेलसाठी विंडोज लाइव्ह मेल २०१२. सकाळचा चहा झाला की अण्णा ते उघडतात, वाचनालयाचा पत्रव्यवहार बघतात, दोन-चार उत्तरं लिहितात आणि मग उठतात. एके दिवशी त्यांचा फोन आला, "अरे, पासवर्ड बरोबर टाकतोय, तरी हा परत परत मागतोय."

मी पुण्यातून फोनवर सांगितलं, "प्रोग्राम काढून टाका आणि परत टाका." अण्णा म्हणाले, "तू आल्यावरच करू." ते थांबले म्हणून आमचे अकरा वर्षांचे मेल वाचले. आई गेल्याला आता सहा वर्षं झाली. तिने माझ्या बहिणीला लिहिलेली पत्रं त्याच कॉम्प्युटरच्या 'सेंट आयटम्स'मध्ये होती आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती.

पुढचे तीन शनिवार-रविवार मी मिरजेला जाऊन हे सगळं निस्तरलं. ज्यांच्या घरी किंवा संस्थेत असाच जुना कॉम्प्युटर आहे, त्यांना एका बैठकीत काम उरकता यावं म्हणून ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहितो.

नेमकं काय बिघडतं

तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. लाइव्ह मेल काल होतं तसंच आज आहे. बदललेलं असतं ते पलीकडचं, म्हणजे मेल सांभाळणाऱ्या कंपनीचा सर्व्हर. मायक्रोसॉफ्टने लाइव्ह मेलचा आधार १० जानेवारी २०१७ रोजी थांबवला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी. त्यानंतर सर्व्हरवाल्यांनी नियम कडक केले, पण जुन्या प्रोग्रामला ते शिकवायला कोणी उरलं नाही.

हे बदल मुख्यतः तीन. पहिला, नेहमीचा पासवर्ड आता चालत नाही, खास वेगळा पासवर्ड लागतो. दुसरा, कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं ज्या पद्धतीने कुलूपबंद होतं ती टीएलएस नावाची पद्धत नवी लागते. तिसरा, काही कंपन्यांनी जुन्या प्रोग्रामांना दारच बंद केलं. त्रास असा की तिन्ही वेळा पडद्यावर दिसणारी चौकट जवळपास सारखीच असते, आणि माणूस पासवर्ड आठवत बसतो.

जवळ काय काय ठेवायचं

- निदान १६ जीबीचा पेन ड्राइव्ह, शक्य असेल तर दोन
- ज्याचं मेल खातं आहे त्याचा मोबाइल, चालू सिमकार्डासह
- खात्याचा आत्ताचा पासवर्ड, ब्राउझरमध्ये चालतो अशी खात्री केलेला
- वही आणि पेन
- डेस्कटॉप असेल तर छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि सीआर २०३२ नावाचा चपटा सेल
- मेलच्या मालकाचा अर्धा दिवस. त्यांच्या पश्चात हे करू नका, मध्येच ओटीपी लागतो

१. आधी काय करू नये

लाइव्ह मेल अनइन्स्टॉल करू नका. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच ते डाउनलोडला ठेवणं बंद केलं. एकदा काढलं की अधिकृत ठिकाणाहून परत मिळत नाही. इतरत्र मिळणाऱ्या फाइलींमध्ये काय भरलेलं आहे याची हमी नसते, आणि ज्या कॉम्प्युटरला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत त्यावर अशी फाइल चालवणं मला तरी धोक्याचं वाटतं.

लाइव्ह मेलमधलं खातंही काढून टाकू नका. "अकाउंट रिमूव्ह करून परत ॲड करतो" हा मोह सगळ्यांना होतो. पण खात्याबरोबर त्याची फोल्डरंही डोळ्यांसमोरून जाऊ शकतात. शिवाय खातं परत जोडल्यावर सर्व्हरवरचे सगळे जुने मेल पहिल्यापासून उतरू लागतात आणि प्रत्येक मेल दोनदा दिसतो.

आणि पासवर्डची चौकट आली की दहा वेळा तोच पासवर्ड ठोकू नका. काही सर्व्हर अशा वेळी खातं काही तासांसाठी अडवून ठेवतात. चौकट 'कॅन्सल' करा.

२. मेल कुठे आहेत ते शोधा आणि प्रत काढा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे सावकाश जा.

तुमचं खातं 'पॉप' पद्धतीचं आहे की 'आयमॅप' पद्धतीचं, ते आधी पाहा. डावीकडच्या यादीत खात्याच्या नावावर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, मग 'सर्व्हर्स'. तिथे पॉप ३ लिहिलं असेल, तर मेल सर्व्हरवरून उतरून तुमच्या कॉम्प्युटरवर आलेले आहेत. 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन सर्व्हर' यावर टिक नसेल, तर उतरलेला मेल बहुधा सर्व्हरवरून पुसला गेला आहे. म्हणजे हार्ड डिस्कवरची प्रत हीच एकमेव. आईची पत्रं अशाच अवस्थेत होती, कारण पॉपमध्ये पाठवलेले मेलही बहुधा कॉम्प्युटरवरच राहतात. आयमॅप असेल तर मूळ मेल सर्व्हरवर असतात आणि धोका कमी असतो. तरी 'स्टोरेज फोल्डर्स' नावाच्या भागात हलवून ठेवलेले मेल तेव्हाही फक्त डिस्कवरच असतात.

आता डिस्कवरची जागा. लाइव्ह मेलच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या निळ्या बटणातून 'ऑप्शन्स', मग 'मेल', त्यात 'ॲडव्हान्स्ड', 'मेन्टेनन्स' आणि 'स्टोअर फोल्डर' असं जा. तिथे पूर्ण पत्ता लिहिलेला दिसतो. तो कॉपी करा, 'स्टार्ट'मधल्या 'रन'मध्ये चिकटवा आणि एंटर दाबा. सहसा तो सी ड्राइव्हवर तुमच्या नावाच्या फोल्डरात ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज लाइव्ह मेल असा असतो. ॲपडेटा लपवलेलं असतं, त्यामुळे हाताने शोधायला गेलात तर सापडत नाही.

लाइव्ह मेल पूर्ण बंद करा आणि हे आख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा. निवडक नको, आख्खं. आतली नावं विचित्र दिसतील. मोठी नावं तोडून त्यांना दोन-तीन अक्षरं-आकडे जोडलेले असतात. अण्णांचं 'वाचनालय देणगीदार' असं इंग्रजीत लिहिलेलं फोल्डर अर्ध्यावरच तुटलेलं होतं. घाबरू नका, आतले मेल शाबूत असतात.

लाइव्ह मेलची एक गोष्ट मात्र फार चांगली आहे. त्यात प्रत्येक मेल ही वेगळी ईएमएल फाइल असते. मी त्यातली एक नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. वर कोणाकडून, कोणाला, तारीख हे साध्या अक्षरांत होतं. विषयाच्या जागी मात्र यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) असं लिहून पुढे अर्थ नसलेल्या इंग्रजी अक्षरांची लांब रांग होती. मला वाटलं, मेल खराब झाला. तसं नसतं. मराठी मजकूर पाठवताना तो इंग्रजी अक्षरांत बांधून पाठवतात, आणि वाचणारा प्रोग्राम गाठ सोडून परत देवनागरी दाखवतो. तीच फाइल लाइव्ह मेलमध्ये उघडली, तर विषय होता 'लोणच्याचं प्रमाण'. म्हणजे उद्या लाइव्ह मेलची यादी ठेवणारी मुख्य फाइल बिघडली, तरी ईएमएल फाइली आहेत तोवर पत्रं आहेत.

प्रत झाली की दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये फाइलींची संख्या जुळवून बघा. आमच्याकडे पहिल्यांदा चारशेच्या वर फाइली कमी भरल्या, कारण कॉपी चालू असताना लाइव्ह मेल मागे उघडंच राहिलं होतं. दुसऱ्या खेपेला जुळल्या. आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागेल.

लाइव्ह मेल अजून उघडत असेल, तर 'फाइल'मधून 'एक्स्पोर्ट ईमेल', 'ईमेल मेसेजेस', 'मायक्रोसॉफ्ट विंडोज लाइव्ह मेल' असं करून दुसरी प्रतही काढा. त्यासाठी रिकामं फोल्डर लागतं. पत्त्यांची वही विसरू नका. ती 'काँटॅक्ट्स'मधून सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) म्हणून काढा आणि उघडून मराठी नावं नीट आली का ते बघा. प्रश्नचिन्हं दिसली तर व्हीकार्ड हा पर्याय वापरा.

३. तारीख बघा

इतकी साधी गोष्ट, पण निम्म्या जुन्या कॉम्प्युटरांचा दोष इथेच निघतो असं मला आता वाटतं. उजव्या खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. दिवस, महिना, वर्ष आणि भारताचा टाइम झोन, चारही बरोबर हवेत. सर्व्हर आपली ओळख पटवायला जे प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. तुमच्या कॉम्प्युटरच्या मते आज १ जानेवारी २००९ असेल, तर ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, आणि जोडणी नाकारली जाते.

तारीख दुरुस्त केली आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केल्यावर ती परत मागे गेली, तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. डेस्कटॉपमध्ये तो बदलणं सोपं आहे. वीज बंद करून वायर काढा, बाजूचा पत्रा उघडा. रुपयाच्या नाण्याएवढा चमकदार सेल एका गोल खोबणीत बसलेला दिसेल. खोबणीच्या कडेला छोटी धातूची पट्टी असते. ती नखाने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच बाहेर ढकलली की सेल वर उडतो. नवा सेल बसवताना अधिकचं चिन्ह आणि अक्षरं असलेली बाजू वर ठेवा. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला एकदा स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. आमच्या सेलवर धुळीचा जाड थर होता. तो बदलला आणि अण्णांना गेली दोन वर्षं रोज सकाळी हाताने लावावं लागणारं घड्याळ जागेवर आलं. त्यांनी ते कधी कोणाला सांगितलंच नव्हतं.

लॅपटॉपचा सेल बहुधा वायरीने जोडलेला असतो. तो दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या.

४. ब्राउझरमधून खातं उघडा

मोबाइलवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याच खात्यात शिरून बघा. तिथेही शिरता आलं नाही, तर लाइव्ह मेलचा दोष नाही, पासवर्ड किंवा खात्याचाच प्रश्न आहे. शिरता आलं तर जागा भरली आहे का ते बघा. जीमेलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा असते आणि त्यातच फोटो आणि ड्राइव्हही येतात. नातवंडांचे व्हिडिओ साठून मेल येणं थांबलं, असं शेजारच्या काकांकडे खरंच झालं होतं.

५. चौकटीतला आकडा वाचा

चूक आली की 'शो डिटेल्स' दाबा. लांबलचक आकडा दिसतो: शून्य एक्स, मग ८००, मग तीन सी. सुरुवात बहुतेक सारखीच असते, उपयोगाची असतात ती शेवटची दोन अक्षरं. ती वहीत लिहा.

९२ असेल तर सर्व्हरपर्यंत पोचलात, पण नाव किंवा पासवर्ड नाकारला गेला. पायरी ६ कडे जा.

० आणि डी असेल तर सर्व्हरचं नाव सापडत नाही. बहुतेक नावात चूक आहे किंवा इंटरनेट बंद आहे.

० आणि ई असेल तर नाव सापडलं पण जोडणी झाली नाही. पोर्टचा (सर्व्हरच्या दाराचा) आकडा किंवा फायरवॉल (अनोळखी जोडण्या अडवणारी सोय) बघा, पायरी ७.

० आणि एफ असेल तर जोडणी मध्येच तुटली. अँटीव्हायरसमधली मेल तपासणारी सोय फक्त पाच मिनिटं बंद करून बघा. तशी चालली तर दोष तिथे आहे. नाही तर पायरी ८.

१९ म्हणजे वेळ संपली. इंटरनेट हळू आहे किंवा एखादा मोठा मेल अडकलाय, पायरी ९.

१ आणि ए म्हणजे कुलूपबंद जोडणी जुळली नाही, पायरी ७ आणि ८.

आमच्याकडे ९२ येत होता. ते गेल्यावर ० आणि एफ आला. एका मागे दुसरा दोष लपलेला असू शकतो. आकडा बदलला म्हणजे आधीचं काम वाया गेलं नाही, तुम्ही एक पायरी पुढे आलात.

६. जीमेल असेल तर ॲप पासवर्ड

३० मे २०२२ पासून गूगलने साध्या खात्यांसाठी नेहमीचा पासवर्ड घेऊन शिरणाऱ्या जुन्या प्रोग्रामांना परवानगी देणं बंद केलं. आता १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड लागतो. तो मोबाइलवरून काढा. विंडोज ७ वरचे ब्राउझर जुने झालेत, तिथे गूगलची पानं अडतात.

गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' भागात 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करा. ते सुरू असल्याशिवाय ॲप पासवर्डचं पान उघडतच नाही. इथे फोन नंबर खात्याच्या मालकाचा द्या. मी घाईत माझा दिला होता. मग अण्णांना कुठेही शिरायचं म्हटलं की ओटीपीसाठी मला फोन, आणि मी मीटिंगमध्ये. दुसऱ्याच दिवशी बदलला. तिथेच 'बॅकअप कोड्स' मिळतात, आठ-आठ आकड्यांचे दहा. ते कागदावर उतरवून कपाटात ठेवा. मोबाइल हरवला तर तेच कामाला येतात.

मग खात्याच्या शोधपट्टीत 'ॲप पासवर्ड्स' शोधा, काहीतरी नाव द्या आणि 'क्रिएट' दाबा. चार-चार अक्षरांच्या चार गटांत पासवर्ड दिसतो. तो एकदाच दिसतो, चौकट बंद केली की परत बघता येत नाही. वहीत ठळक लिहा. लाइव्ह मेलमध्ये भरताना मधल्या जागा सोडून सोळा अक्षरं सलग टाका आणि 'रिमेंबर पासवर्ड'वर टिक करा. वापरकर्त्याचं नाव म्हणून पूर्ण मेल पत्ता लिहायचा.

पुढे कधीही मुख्य गूगल पासवर्ड बदललात की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. तेव्हा नवा काढायचा, बाकी काही छेडायचं नाही.

याहूचीही पद्धत अशीच आहे, त्यांच्या खात्यातूनही ॲप पासवर्ड काढता येतो. हॉटमेल किंवा आउटलुक डॉट कॉम असेल, तर मात्र लाइव्ह मेलवर आणखी वेळ घालवू नका. १६ सप्टेंबर २०२४ पासून त्यांनी फक्त नवी पद्धत ठेवली आणि ती लाइव्ह मेलला येत नाही. तुम्ही प्रत काढून थेट पायरी ११ कडे जा.

७. पोर्ट आणि सर्व्हरची नावं

'प्रॉपर्टीज'मधल्या 'सर्व्हर्स' आणि 'ॲडव्हान्स्ड' या दोन पानांवर हे भरा. जीमेलसाठी येणाऱ्या मेलचा सर्व्हर पॉप टिंब जीमेल टिंब कॉम, पोर्ट ९९५, एसएसएलवर (म्हणजे कुलूपबंद जोडणीवर) टिक. आयमॅप असेल तर आयमॅप टिंब जीमेल टिंब कॉम, पोर्ट ९९३. जाणाऱ्या मेलचा एसएमटीपी टिंब जीमेल टिंब कॉम, पोर्ट ४६५, इथेही एसएसएलवर टिक. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. 'माय सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन' यावर टिक हवीच. ती नसेल तर मेल येतात पण जात नाहीत.

पूर्वीच्या खात्यांमध्ये ११० आणि २५ हे आकडे असतात. ते उघड्या, कुलूप नसलेल्या जोडणीचे. जिथे दिसतील तिथे बदला.

पॉप असेल तर जीमेलच्या सेटिंगमध्ये पॉप सुरू आहे ना, तेही बघा. तिथे 'आत्तापासून येणाऱ्या मेलसाठी' हा पर्याय निवडा, नाहीतर सगळे जुने मेल परत उतरतील. आणि 'लीव्ह अ कॉपी'वर आजच टिक करा, म्हणजे इथून पुढे मेल सर्व्हरवरही राहतील.

८. टीएलएस १.२ सुरू करणं

टीएलएस १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या आणि बरेच सर्व्हर १.२ च्या खाली बोलत नाहीत. विंडोज ७ ला १.२ येतं, पण ते मुळात बंद ठेवलेलं असतं. आधी विंडोज ७ वर सर्व्हिस पॅक १ (अपडेटचा मोठा संच) आहे याची खात्री करा. 'कंट्रोल पॅनल'मधल्या 'इंटरनेट ऑप्शन्स'च्या 'ॲडव्हान्स्ड' पानावर अगदी खाली 'यूज टीएलएस १.२' आहे, त्यावर टिक करा आणि कॉम्प्युटर परत चालू करा.

एवढ्याने नाही झालं तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, जावं लागतं. इथे चुकीची गोष्ट पुसली तर विंडोज उठणार नाही. हात कापत असेल तर जाणत्या माणसाला बोलवा. 'रन'मध्ये रेजएडिट लिहा, उघडल्यावर आधी 'फाइल'मधून 'एक्स्पोर्ट' करून प्रत काढा. मग लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, सिक्युरिटीप्रोव्हायडर्स, एसचॅनल, प्रोटोकॉल्स असं आत जा. तिथे 'टीएलएस १.२' नावाची नवी की (फोल्डरासारखी नोंद) करा, इंग्रजीत, टीएलएस आणि १.२ मध्ये एक जागा सोडून. तिच्या आत 'क्लायंट' नावाची की करा. क्लायंटच्या आत ३२ बिटची डीवर्ड व्हॅल्यू (आकडा ठेवणारी नोंद) करा. तिचं नाव 'डिसेबल्ड बाय डिफॉल्ट' हे तीन शब्द जोडून, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. किंमत ०. बंद करून कॉम्प्युटर परत चालू करा.

आमचा ० आणि एफचा दोष इथे गेला. अण्णांच्या वाचनालयाच्या जुन्या पत्त्यावर सात महिन्यांत साठलेले मेल एकामागून एक उतरू लागले, आणि ते खुर्ची ओढून जवळ बसून एकेक विषय मोठ्याने वाचू लागले.

९. उघडतच नसेल किंवा एकाच मेलवर अडकत असेल

चिन्हावर दोनदा क्लिक केलं तरी काहीच होत नसेल, तर आधीचं लाइव्ह मेल आत अडकून पडलेलं असतं. 'टास्क मॅनेजर'मध्ये डब्ल्यूएल मेल नावाची प्रक्रिया शोधा, ती संपवा आणि परत उघडा. तरीही नाही, तर 'प्रोग्राम्स अँड फीचर्स'मध्ये विंडोज एसेन्शियल्स २०१२ निवडून 'रिपेअर' दाबा. त्याच चौकटीत 'रिमूव्ह'ही असतं, बटण नीट वाचून दाबा.

मेल उतरताना दरवेळी एकाच आकड्यावर थांबत असेल, तर ब्राउझरमधून खात्यात जाऊन तिथला सगळ्यात जड मेल बाजूला करा. आउटबॉक्समध्ये अडकला असेल तर जोडलेली फाइल बघा. जीमेलमधून २५ एमबीच्या वर जात नाही.

१०. तुमच्याकडे त्याहून जुनं आउटलुक एक्स्प्रेस असेल तर

विंडोज एक्सपीवरचं आउटलुक एक्स्प्रेस दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, असं मी स्पष्टच सांगतो. एक्सपी टीएलएस १.० च्या पुढे जात नाही. तिथे फक्त पत्रं वाचवा. त्यात प्रत्येक फोल्डर ही एक डीबीएक्स फाइल असते, आणि ती दोन जीबीच्या आसपास पोचली की बिघडते. 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'मेन्टेनन्स', 'स्टोअर फोल्डर' इथे पत्ता मिळेल. सगळ्या डीबीएक्स फाइली कॉपी करा. 'काँपॅक्ट करू का' असं विचारलं तर प्रत निघेपर्यंत 'नाही' म्हणा.

११. थंडरबर्डकडे जा

वरची सगळी दुरुस्ती हा तात्पुरता टेकू आहे. अण्णांना त्यांच्या सवयीचा प्रोग्राम लगेच सोडायचा नव्हता, म्हणून मी टेकू दिला आणि सोबत नवी जागाही तयार केली. थंडरबर्ड हे मेलचंच दुसरं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, मराठी नीट दाखवतं, आणि कुलूपबंद जोडणीसाठी विंडोजवर अवलंबून राहत नाही. म्हणून विंडोज ७ वरही ते टीएलएसची कुरकुर करत नाही. विंडोज ७ वर चालणारी त्याची शेवटची मालिका ११५, एक्सपीवर चालणारी ५२. दोन्हींना आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, तेव्हा मधला मुक्काम म्हणूनच वापरा. नवा कॉम्प्युटर घेणं शक्य नसेल आणि जुन्यात चार जीबी रॅम आणि ६४ बिटचा प्रोसेसर असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकता येते. त्यात थंडरबर्ड आलेलंच असतं.

मेल आत घ्यायला 'इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्स एनजी' नावाचं ॲडऑन (थंडरबर्डमध्ये जोडायची सोय) टाका. लोकल फोल्डर्समध्ये एक नवं फोल्डर करा, त्यावर उजवं क्लिक करून एका डिरेक्टरीतले, उपफोल्डरांसह सगळे ईएमएल आयात करण्याचा पर्याय निवडा, आणि पेन ड्राइव्हवरची प्रत दाखवा. पहिल्यांदा पन्नास-साठ मेलचं छोटं फोल्डर घेऊन बघा. सगळं झाल्यावर मेलची संख्या वहीतल्या आकड्याशी ताडून बघा.

जुने मेल मोबाइलवरही दिसावेत असं वाटत असेल, तर खातं आयमॅपने जोडून ते सर्व्हरवरच्या फोल्डरात ओढून टाका. एका वेळी दोन-तीनशेच. हजार ओढलेत तर मध्येच तुटतं आणि किती गेले ते कळत नाही.

जोवर लाइव्ह मेल वापरताय तोवर 'ऑप्शन्स'मध्ये 'रीड ऑल मेसेजेस इन प्लेन टेक्स्ट' सुरू ठेवा, अनोळखी मेलमधली जोडलेली फाइल उघडू नका, आणि बँकेचं काम त्या कॉम्प्युटरवर करू नका.

१२. मराठी मेल आणि जुने फॉन्ट

हा भाग मला बाकी कुठे सांगितलेला सापडला नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. मेल नीट आले पण मराठीच्या जागी युरोपियन अक्षरांचा काला दिसत असेल, तर त्या मेलचं 'एन्कोडिंग' (अक्षरं साठवायची पद्धत) बदलून यूनिकोड यूटीएफ-८ करा. एक्सपीवर चौकोन दिसत असतील तर 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या फाइली टाकण्यावर टिक लागते, आणि त्यासाठी एक्सपीची सीडी.

पण २०१० च्या आसपासच्या कागदांची गोष्ट वेगळी. वाचनालयाची निमंत्रणं, अहवाल, देणगीच्या पावत्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. त्या फाइलींच्या पोटात मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर त्यांचा अर्थ जातो. म्हणून जुना कॉम्प्युटर बाजूला ठेवण्याआधी 'कंट्रोल पॅनल'मधलं 'फॉन्ट्स' उघडा आणि तुम्ही वापरत होतात ते फॉन्ट पेन ड्राइव्हवर घ्या. त्याच बैठकीत महत्त्वाच्या फाइली पीडीएफ करून ठेवा. विंडोज ७ मध्ये ती सोय नसेल, तर वर्ड २०१० किंवा लिब्रे ऑफिसमधून पीडीएफ काढता येतो. आम्ही एका रविवारी २००९ ते २०१४ चे सहा वार्षिक अहवाल असे वाचवले. सातवा, २००८ चा, कुठल्या फॉन्टमध्ये आहे ते अजून सापडलेलं नाही. तो टाइप करणाऱ्या बाई निवृत्त होऊन कोल्हापूरला असतात, आणि अण्णांनी त्यांना नव्या थंडरबर्डमधून मेल केला आहे.